जायचा विचार आहे

मी ह्यांच्या पायाची नखं कापत होते तेव्हा हे बोलले. अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडून शब्द असा निघाला नव्हता. घशातून ओढल्यासारखा एक आवाज यायचा, तहान लागली की एक आणि कूस बदलायची असली की दुसरा, आणि ते दोन्ही मी ओळखायला शिकले होते. त्यामुळे उशीकडून स्वच्छ, खणखणीत आवाज आला तेव्हा आधी वाटलं, घरात कुणीतरी शिरलंय. नेलकटर अंगठ्याच्या कडेला लागलं आणि टिकलीएवढं रक्त आलं. "उची ए काएरु त्सुमोरी देस," हे म्हणाले. छताकडे बघून म्हणाले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा गप्प झाले, जणू बोलायचं ते बोलून झालं, आता माझी पाळी. मी कापूस दाबून धरला. "अहो, काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना," असं दोनतीनदा म्हटलं. पण मराठी ह्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. डॉक्टरांनी मला डोक्याची आकृती काढून दाखवली होती, डाव्या बाजूला पेन्सिलीने एक डाग केला होता आणि म्हणाले होते, भाषा इथे राहते. मी विचारलं होतं, "कुठली?" त्यांना वाटलं, आजींना कळलं नाही, त्यांनी तोच डाग आणखी गडद केला.

मला ते वाक्य ओळखीचं होतं. अर्थाने नाही, आवाजाने. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी ह्यांचा वर्ग भरायचा. दिवसा हे एका कारखान्यात दुभाष्याचं काम करत आणि संध्याकाळी जपानला नोकरीला निघालेल्या मुलामुलींना जपानी शिकवत. दाराबाहेर चपलांचा असा ढीग पडायचा की शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे रोज कार्य असतं का हो?" मी मधला पडदा ओढून स्वयंपाक करायची. ह्यांची शिकवायची रीत म्हणजे एक वाक्य घ्यायचं आणि त्यातला शब्द बदलत राहायचा. हे नुसता शब्द टाकत, डोंगर म्हणा, समुद्र म्हणा, आणि अख्खा वर्ग एका सुरात त्याचं वाक्य करून परत द्यायचा. मधे विचार करायला वेळ द्यायचा नाही, हा ह्यांचा हट्ट. "आधी जीभ जाऊ दे, मन येईल मागून," असं म्हणत. शब्दांची चित्रं मी काढून द्यायची, जाड पुठ्ठ्यावर, शाईने. तोवर समुद्र मी पाहिलाही नव्हता. नागमोडी तीन रेघा काढल्या आणि वर एक पक्षी काढला. बरीच वर्षं त्या रेघांना बघून शेकडो पोरं म्हणाली असतील की समुद्रावर जायचा विचार आहे. मी पलीकडे पोळ्या लाटताना तो सूर ऐकायची. लाटणंसुद्धा त्या तालावर फिरायचं. पण एक गोष्ट मला पक्की आठवत होती, आणि त्या दिवशी कापूस दाबून धरताना मी तिलाच धरून बसले होते. शब्द टाकणारे हे आणि वाक्य करणारे दुसरे. ह्या वाक्यांतलं एकही ह्यांच्या स्वतःच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मग आज जे आलं ते धड्यातलं कसं असेल? ते ह्यांचंच असणार.

चिमणीला फोन केला. ही ह्यांची जुनी विद्यार्थिनी. बोलताना शब्द टिपल्यासारखे टिपते म्हणून ह्यांनीच तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. आता तिचेही केस पिकलेत, मोठमोठ्या बैठकांत दुभाषी म्हणून बसते, पण आमच्याकडे चिमणीच. मी ऐकलं होतं तसं म्हणून दाखवलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "काकू, सर पूर्ण वाक्य बोलले? क्रियापदासकट?" मी म्हटलं, "अगं, क्रियापदाचं राहू दे, अर्थ सांग." ती म्हणाली, "घरी परत जायचा विचार आहे, असं म्हणाले सर." मी पलंगाकडे बघितलं. आमचाच पलंग, आमचीच भिंत, त्यावर ओल येऊन उमटलेला जुना डाग, ज्याला मुलगा लहानपणी उंट म्हणायचा. ह्याच घरात पडून हे घरी जायचं म्हणत होते. कुठल्या घरी? जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे नसावी, तसं झालं. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, असं होतं कधीकधी, जन्मापासूनची भाषा जाते आणि मागून शिकलेली तेवढी राहते. "चांगलं लक्षण आहे, आजी." मी हो म्हटलं. आईकडून आलेली गेली, माझ्याशी बोलायची गेली, मुलाला रागावायची गेली. परक्यांना शिकवायला आणलेली तेवढी राहिली, हे चांगलं लक्षण.

म्हणून मी शिकायला बसले. ह्या वयात, चष्म्यावर चष्मा चढवून. चिमणी सुटीच्या दिवशी दुपारी यायची, ह्यांच्या पायाशी खुर्ची ओढून बसायची आणि मला शिकवायची. हे छताकडे बघत असत. मी म्हटलं, "मला बाकी काही नको. माणसाला काय करायचंय, तेवढं कसं सांगतात ते शिकव." ती हसली. म्हणाली, "काकू, तेवढ्यालाच वर्ष जातं." मग तिने मला पायऱ्या दाखवल्या. क्रियापदाला ताइ लावलं की नुसती इच्छा, इकिताइ, जावंसं वाटतं. इकोओ तो ओमोत्ते इमास म्हटलं की जावं असं मनात घोळतंय, अजून घोळतंय. इकु त्सुमोरी देस म्हटलं की आत ठरलंय, कुणाला सांगितलेलं असो नसो. आणि इकु योतेइ देस म्हणजे तारीख लागलीय, मग तुमचं मन असो नसो. मी म्हटलं, "म्हणजे आपलं जावंसं वाटतंय, जावं म्हणते, जायचा विचार आहे, आणि जायचं ठरलंय." ती म्हणाली, "काकू, तुम्ही सरांपेक्षा लवकर शिकवलंत." मी त्या चार पायऱ्या भांडी विसळताना मोजत राहिले. आमच्या संसारात हे सदोदित चौथ्या पायरीवर उभे असत. कुठे जायचं तर "ठरलंय". घर बदलायचं तर "ठरलंय". मुलाला लांबच्या कॉलेजात घालायचं तेही ठरल्यावरच मला कळलं. मी पहिल्या पायरीवरून वर बघायची. वाटतंय, वाटतंय, असं म्हणत माझी वर्षं गेली आणि मी त्याला स्वभाव समजले. तक्रार नाही करत. ते वाईट नव्हते. फक्त आत काय चाललंय ते बाहेर यायच्या आत त्याचं वेळापत्रक झालेलं असायचं.

आणखी एक गोष्ट चिमणीने सांगितली, ती मला रात्रंदिवस पुरली. ती म्हणाली, त्या भाषेत दुसऱ्याच्या मनातलं आपण सरळ सांगायचं नसतं. मला जावंसं वाटतं असं म्हणता येतं, पण त्याला जावंसं वाटतं असं म्हणता येत नाही. त्याला जावंसं वाटत असावं असं दिसतं, असं म्हणायचं. आणि मोठ्या माणसाला, त्यातून गुरूला, तुमचा काय विचार आहे असं तोंडावर विचारायचं नाही. ते उद्धट होतं. "मग विचारायचं कसं?" मी म्हटलं. "विषय नुसता पुढे ठेवायचा, काकू. अर्धं वाक्य बोलायचं आणि थांबायचं. पुढचं ते बोलतील." माझ्या सासूबाई आठवल्या. त्या घरभर सगळ्यांच्या मनातलं छातीठोक सांगत फिरायच्या. "त्याला भूक नाहीये. तिला माहेरी जायचंच नाहीये." मी दारात पिशवी घेऊन उभी असायची आणि त्या पाहुण्यांना सांगायच्या, हिला जायचं नाहीये. जपानीत सासूबाईंची जीभच चालली नसती. आणि आता आमचा मुलगा. दर फोनला म्हणतो, "आई, बाबांना तिकडे त्रास होतोय. बाबांना इकडे यायचंय. मला कळतं ना." त्याला कळतं. तो शेकडो कोस लांब राहतो आणि त्याला कळतं.

मग ते एका दुपारी झालं. मी चहा करून आणला होता, माझा पेल्यात आणि ह्यांचा चोचीच्या वाटीत. चिमणीने नवा शब्द दिला होता, इश्शो नि, म्हणजे बरोबर, सोबत. बरोबर चहा घेऊ या असं म्हणायचं मी ठरवलं होतं. ओट्याशी उभी राहून चार वेळा घोकलंही होतं. पलंगाशी आले, म्हटलं, "इश्शो नि…" आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं, तशी मी पुढचं सगळं विसरले. लग्नाच्या नव्या दिवसांतसुद्धा मी अशी विसरले नसेन. वाटी हातात तशीच. आणि हे म्हणाले, "इश्शो नि इरु त्सुमोरी देस." सोबत राहायचा विचार आहे. अर्थ कळायला मला चिमणी लागली नाही. पहिल्यांदा मधे कुणी लागलं नाही. मी वाटी स्टुलावर ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली रस्ता खणला होता, कामगार पाइप उतरवत होते आणि एकजण दुसऱ्यावर ओरडत होता की अरे, तुझ्या बाजूने उचल, तुझ्या बाजूने. मी ते सगळं नीट ऐकलं. चहा गार झाला. हे आयुष्यात माझ्याशी असलं काही बोलले नव्हते. आमच्या पिढीत बोलायची पद्धत नव्हती. गावाहून आल्यावर "भाजी बरी झालीय" म्हणाले की त्यात सगळं आलं. आणि आता मराठी पूर्ण धुऊन गेल्यावर, त्या गाळाखालून, परक्या भाषेत, आणि तिसऱ्या पायरीवरचं. वाटतंय नाही. ठरलंय नाही. आत ठरवलंय. पुढचे काही आठवडे मी त्या वाक्यावर काढले. पाठ भरून यायची, हात उचलत नसत, तरी चादर बदलताना मी गुणगुणायची. चिमणीला सांगितलं, तर तिने तोंडावर ओढणी धरली. "काकू, सरांनी हे वाक्य…" एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी हावरी झाले असेन. कपडे वाळत घालता घालता शब्द म्हणायची, सराव म्हणून, खोलीचं दार उघडं ठेवून. यामा, डोंगर. आतून आवाज आला, "यामा ए इकु त्सुमोरी देस." मी हसले. म्हटलं, बघा, डोंगरावर निघाले. होन, पुस्तक. पुस्तक वाचायचा विचार आहे. ठीकच, आयुष्यभर दुसरं काय केलं. मग चिमणीच्या यादीतला पुढचा शब्द आला, ताबाको. म्हणजे सिगरेट. "ताबाको ओ यामेरु त्सुमोरी देस." सिगरेट सोडायचा विचार आहे. माझ्या हातात ह्यांचा सदरा होता, दोन्ही बाह्या धरलेल्या. ह्यांनी जन्मात कधी सिगरेट ओढली नाही. पाहुण्याने ओढली तर हे उठून खिडकी उघडत आणि पाहुणा जाईपर्यंत तिथेच उभे राहत. मी तशीच, सदरा न टाकता, दारात आले. म्हटलं, "केक्कोन." लग्न. हे छताकडे बघत होते, चेहरा शांत, दाढीचे पांढरे खुंट उन्हात चमकत होते. "राइनेन केक्कोन सुरु त्सुमोरी देस." पुढच्या वर्षी लग्न करायचा विचार आहे. मला हसू फुटलं. मोठ्याने हसले मी, म्हातारी, ओला सदरा छातीशी धरून. "अहो, कुणाशी? मला तरी सांगा!" आणि हसता हसता ते वाक्य मला ऐकू यायला लागलं, पडद्यापलीकडून, वीस गळ्यांतून, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, एका सुरात. पोरी खुसखुसायच्या त्या वाक्याला. म्हणजे शब्द टाकला की वाक्य. ह्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं खरं, पण वर्ग म्हणत असताना मनातल्या मनात प्रत्येक उत्तर ह्यांच्या जिभेवरून गेलेलं असणार, हजारदा, चूक पकडायला आधी बरोबर माहीत लागतं. आधी जीभ. मन मागून येईल. मी दाराची चौकट धरली. सदऱ्यातलं पाणी पोटावर झिरपत होतं. आणि इश्शो नि? तो शब्द पडायचा का वर्गात? मी आठवून आठवून बघितलं. डोंगर पडायचा, समुद्र पडायचा, बँक, सिगरेट, लग्न. इश्शो नि पडल्याचं आठवेना. पण पडलाच नसेल असंही म्हणता येईना. कुकरच्या शिट्टीत काय काय बुडालं असेल. एक सोपा उपाय होता, पुन्हा तो शब्द म्हणून बघायचा. तो मी केला नाही. त्या दिवसापासून त्या खोलीत मी तो शब्द तोंडातून काढला नाही, आणि दुसरेही काढायचे बंद केले. चिमणीला यातलं काही सांगितलं नाही.

मुलगा आला तो एका छोट्या बॅगेनिशी, म्हणजे राहायला नाही. बापाच्या पायाला हात लावला, कपाळावरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे असा बघत राहिला की मला माझा पदर, माझे सुजलेले घोटे, सगळं दिसायला लागलं. "आई, तुझी अवस्था बघवत नाहीये." "मग बघू नकोस," मी म्हटलं, "चहा घे." त्याने फोनमध्ये फोटो दाखवले. त्याच्या शहरात एक शुश्रूषागृह होतं, त्याच्या घरापासून अर्ध्या तासावर. पांढऱ्या खोल्या, वर-खाली होणारे पलंग, खिडकीत झाड. "चोवीस तास नर्स. रोज व्यायाम. वाचेच्या बाई तिथल्या तिथे." "आणि मी?" "तू आमच्याकडे. तिथे फक्त पेशंट ठेवतात, आई. सकाळी तुला नेऊन सोडीन, संध्याकाळी आणीन." "रोज?" चांगला मुलगा आहे, खोटं बोलायला त्याला वेळ लागतो. "जमेल तेव्हा," म्हणाला. मग म्हणाला, "बाबांनासुद्धा तेच हवंय." मी म्हटलं, "तुला कोण म्हणालं?" "म्हणजे काय? दिसतंच ना." "दिसत असेल. ह्यांचं ह्यांच्या तोंडून येऊ दे. ह्यांनी नको म्हटलं तर हे इथेच राहतील आणि मीही. हो म्हटलं तर तुझ्या मनाप्रमाणे." का म्हटलं मी असं? सिगरेट आणि लग्न ऐकल्यानंतर का म्हटलं? मला वाटतं, मला अजून आशा होती की खऱ्या प्रश्नापुढे आतलं माणूस उठून उभं राहील. मुलगा लगेच म्हणाला, "चिमणीमावशीला बोलवू."

ती दुपारी आली. दाराशी चपला काढल्या, केस नीट केले, वर्गात यायची तशी. ह्यांच्या पलंगाजवळ कमरेत वाकून नमस्कार केला. मुलगा म्हणाला, "मावशी, सरळ विचारा. नव्या जागेत जायचं का, हो की नाही." चिमणीने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "असं सरांना नाही विचारता येत रे." "अहो, आजारी माणूस आहे, त्याला कसला मान-अपमान?" "आजारी असले तरी सर आहेत." मला कळलं आता ती काय करणार. तिला थांबवायला हवं होतं. पण थांबवून काय सांगायचं होतं मला, ते वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं. ती खुर्चीत पुढे सरकली, हात मांडीवर ठेवले आणि अगदी हळू, अदबीने, विषय नुसता पुढे ठेवला. "सेन्सेइ, आताराशिइ इए नो होओ वा…" नवं घर, त्याच्या बाबतीत… आणि थांबली. पुढचं मोकळं सोडलं. सगळा आदर त्या मोकळ्या जागेत होता. आणि ती जागा हुबेहूब वर्गातली होती. "आताराशिइ इए नि हिक्कोसु त्सुमोरी देस," हे म्हणाले. एक अक्षर अडखळलं नाही. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नव्या घरात राहायला जायचा विचार आहे, म्हणाले सर." मुलाने मोठा श्वास सोडला, इतका वेळ धरलेला. "बघ आई. मी म्हटलं नव्हतं?"

मी उभी होते, पलंगाच्या कठड्याला धरून. खरं सांगितलं तर? नव्या घराचं वाक्य सिगरेटच्या वाक्यासारखंच आहे, हे म्हटलं तर मुलगा काय म्हणेल ते मला त्याच्या आधी ऐकू येत होतं. आणि ते म्हटलं की माझं ते एक वाक्यही त्याच ढिगात जाणार होतं, माझ्याच हाताने. आणि गप्प बसले तर ह्यांचा विचार आहेच, स्वच्छ, क्रियापदासकट. दोन्ही दारं एकाच खोलीत उघडत होती. मी म्हटलं, "ताबाको." माझाच आवाज मला परका वाटला. हे लगेच म्हणाले, सिगरेट सोडायचा विचार आहे. चिमणीचा चेहरा हळूहळू उतरला, पाणी खाली बसावं आणि तळ दिसावा तसा. "काय म्हणाले?" मुलाने विचारलं. "मावशी, काय म्हणाले बाबा?" "सिगरेट सोडणार म्हणाले." "बाबा? बाबा कधी…" तो हसायला लागला आणि मधेच थांबला. हुशार आहे, बापावर गेलाय. थोड्या वेळाने माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी मघाशी मनात ऐकलेलं वाक्य जवळजवळ शब्दशः म्हणाला, फक्त माझ्या कल्पनेपेक्षा जास्त मायेने. "म्हणजे त्यांना काहीच कळत नाहीये, आई. मग इथे काय आणि तिथे काय. मग तर तुझा जीव घालवायचा काहीच अर्थ नाही ना?"

चिमणीला राहवलं नाही. तिला मला वाचवायचं होतं, हे मी तिच्या मानेच्या शिरेवरून ओळखलं. ती पुन्हा वाकली आणि मी "अगं नको" म्हणेपर्यंत तिने तो शब्द ठेवलाही. "इश्शो नि…" म्हणाली आणि थांबली. मी डोळे मिटले. खोलीत पंख्याचा आवाज, खाली रस्त्यावर खडी ओतल्याचा. वाक्य आलं नाही. मी डोळे उघडले. हे छताकडे बघत होते, ओठ किंचित विलग, तसेच. चिमणीने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. काही नाही. वर्गात पडलेल्या प्रत्येक शब्दाला ह्यांच्याकडे उत्तर होतं आणि ह्याला नव्हतं. म्हणजे हा वर्गात कधी पडलाच नव्हता. किंवा पडला होता आणि आता तेवढा पुसला गेला. मी त्यातलं पहिलं घेतलं आणि मुठीत धरलं. कुणाला दाखवण्याजोगं ते नव्हतं. न आलेलं वाक्य मुलाला कसं दाखवायचं? "राहू दे, मावशी," तो म्हणाला. "दमवू नका त्यांना."

तो फोन घेऊन बसला. घाई नव्हती त्याच्या आवाजात, उलट फार समजूत होती. प्रत्येक गोष्ट मला विचारून करायची असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. "आई, गाडी सकाळची सांगू?" "सांग." "ह्या महिन्यातच?" "ह्या महिन्यातच." "त्यांचे कपडे थोडेच घेऊ, तिकडे धुऊन मिळतात." "थोडेच घेऊ." "हा पलंग देऊन टाकायचा कुणाला तरी?" "देऊन टाकू." "आणि तू आमच्याकडे राहशील ना? म्हणजे, मनापासून?" "राहीन." चिमणी खाली बघत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "हाइ. त्सुगी." हे माझ्याकडे बघत होते. नजर समाधानी होती, ओळखीची; उत्तरं एका दमात, न अडखळता आली की वर्गावरून फिरायची तीच. मुलगा उठून उभा राहिला. "काय म्हणाले?" चिमणीने मान वर केली नाही. मीच सांगितलं, एवढं मला येत होतं. "बरोबर आहे म्हणतात. पुढचं विचार."